बोलेना आणि बोलवेना

चिनी भाषा शिकू पाहणाऱ्याला अगदी सुरुवातीलाच एक वाक्य पाठ करायला मिळते : ‘वो पू-ह्वेइ श्वो चुंग्वन’. अर्थ, ‘मला चिनी बोलता येत नाही’. हे वाक्य जितके शुद्ध उच्चारावे तितके ते खोटे ठरते. आमच्या शिक्षिकांचा अनुभव असा, की नवशिक्याने ते चांगल्या सुरात म्हटले की समोरचा चिनी माणूस खूश होऊन दुप्पट वेगाने बोलू लागतो, आणि मग दुसरे वाक्य शोधावे लागते : ‘थिंग-पू-तुंग’, म्हणजे ऐकले खरे, पण कळले नाही. आम्हां दोघांवर असा प्रसंग अद्याप आलेला नाही. सोलापुरात चिनी माणूस भेटणार कोठे? येथून एक डॉक्टर १९३८ साली चीनला गेले, तेथली भाषा शिकले, तेथेच लग्न केले आणि १९४२ साली तेथेच वारले, एवढाच काय तो आमच्या गावाचा त्या भाषेशी जुना ऋणानुबंध. डॉ. कोटणीसांचे नाव लहानपणापासून कानांवर पडलेले असल्यामुळे असेल, पण चाळिशी उलटल्यावर काही नवे शिकावे असे ठरवले तेव्हा आम्ही पतिपत्नींनी चिनी भाषा निवडली. दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. २०२२ पासून आठवड्यातून दोन संध्याकाळी संगणकासमोर विद्यार्थी होऊन बसतो.

उच्चारांविषयी एक खुलासा आधीच करून टाकतो. चिनी भाषेतला मुख्य नकार रोमन लिपीत ‘बी’ आणि ‘यू’ ही अक्षरे योजून लिहितात, पण मराठी कानाला तो ‘बू’पेक्षा ‘पू’ असाच अधिक ऐकू येतो. म्हणून येथे ‘पू’ लिहिले आहे. मराठीत या अक्षराला जो वास आहे तो वाचकांनी कृपया विसरावा. चिनी भाषेचे चार सूर देवनागरीत उतरत नाहीत, त्याला इलाज नाही. खुद्द हा ‘पू’ चौथ्या सुरातला, पण पुढचा शब्दही चौथ्या सुरात आला की आपला सूर सोडून दुसरा घेतो. नकाराने शेजाऱ्यासाठी एवढे वाकावे याचे आम्हांला कौतुक वाटले.

तर मुद्दा न बोलण्याचा. आपण मराठीत ‘मला बोलता येत नाही’ हे एकच वाक्य किती ठिकाणी वापरतो ते पाहा. भाषा शिकलेली नाही म्हणून बोलता येत नाही, घसा बसला म्हणून बोलता येत नाही, बैठकीत बसलो आहोत म्हणून आत्ता बोलता येत नाही. चिनी माणूस यांतले पहिले वेगळे काढतो. शिकून अंगी येणारी विद्या ती ‘ह्वेइ’. तिचा अभाव म्हणजे ‘पू-ह्वेइ’. घसा, परिस्थिती, नियम यांमुळे जे अडते ते ‘पू-नंग’. त्यामुळे ज्याचा घसा बसला आहे तो गवई ‘पू-नंग’ आणि ज्याने गाणे कधी शिकलेच नाही तो ‘पू-ह्वेइ’. गंमत अशी की, ‘त्याला पू-ह्वेइ बोलणे’ हे लहान बाळाविषयीही म्हणतात आणि चारचौघांत नको ते बोलून बसणाऱ्या प्रौढाविषयीही. बोलणे ही शिकण्याची गोष्ट आहे आणि काही जण ती साठीपर्यंत शिकत नाहीत, हा शहाणपणा त्या भाषेने एका शब्दात साठवला आहे.

पण आम्हांला खरे थांबवले ते याच्या पुढच्या धड्याने. ‘श्वो’ म्हणजे बोलणे, सांगणे. ‘छू-लाय’ म्हणजे बाहेर येणे. दोन्ही जोडले की ‘बोलून बाहेर काढणे’ असे काहीसे होते. आता त्यात नकार घालायचा. ‘पू’ अगदी आरंभी ठेवला, ‘पू श्वो-छू-लाय’, तर अर्थ होतो : बोलून दाखवत नाही, दाखवायचे नाही. तोच ‘पू’ उचलून मध्ये ठेवला, ‘श्वो-पू-छू-लाय’, तर अर्थ होतो : बोलायला जातो, पण शब्द बाहेर पडत नाहीत. अक्षरे तीच, तितकीच. फक्त ‘नाही’ दाराबाहेर उभे आहे की घरात शिरले आहे, एवढाच फरक. नकार क्रियेच्या आधी आला तर माणसाने बोलणे सुरूच केलेले नाही. ती त्याची मर्जी. नकार क्रियेच्या पोटात आला तर बोलणे निघाले होते आणि वाटेत अडले.

व्याकरणात याला संभाव्यतेचे पूरक की असेच काहीतरी जड नाव आहे. आम्ही ते नाव विसरून उदाहरणांची वही केली. ‘श्वो-पू-श्या-छ्यू’ : बोलणे पुढे नेववत नाही, गळा दाटला. ‘श्वो-पू-छिंग’ : स्पष्ट सांगता येत नाही. ‘श्वो-पू-तिंग’ : नक्की सांगता येत नाही, आणि म्हणूनच ‘कदाचित’. ‘श्वो-पू-क्वो’ : वादात समोरच्याला पुरे पडता येत नाही, आमच्यापैकी एकाला हा प्रयोग घरात वारंवार करावा लागतो. प्रत्येक ठिकाणी ‘पू’ मध्ये अडकलेला, घशात घास अडकावा तसा.

हे शिकताना मनात सारखे काहीतरी ओळखीचे वाजत होते. पदव्युत्तर वर्गात भाषाविज्ञान शिकवणाऱ्यांना ते लगेच सुचायला हवे, पण आपल्याच घरातल्या वस्तूकडे लक्ष जायला कधी कधी पाहुणा यावा लागतो. मराठीत आपण म्हणतो, ‘तो बोलेना’. आणि म्हणतो, ‘त्याला बोलवेना’. पहिल्यात हट्ट आहे, राग आहे, निदान मर्जी आहे. दुसऱ्यात दम संपला आहे, हुंदका आहे, आजार आहे. दोहोंमध्ये एका ‘व’चे अंतर. शक्य क्रियापद म्हणून आपण शाळेत जे शिकलो ते हेच : मला चालवते, तिला बघवत नाही, त्याला बोलवेना. यात विद्येचा प्रश्न येत नाही. ‘मला चिनी बोलवत नाही’ असे कोणी म्हणाले तर त्याला चिनी येत नाही असे आपण समजणार नाही. चिनी बोलण्याचा त्याला काही त्रास होतो, असे समजू. म्हणजे चिनी माणसाप्रमाणे आपणही हे कप्पे केलेलेच आहेत, फक्त ‘येत नाही’च्या चादरीखाली ते झाकले जातात.

एक भेद मात्र महत्त्वाचा. मराठीत एका ‘व’वर भागत नाही, कर्ताही बदलतो. ‘तो’ बोलेना, पण ‘त्याला’ बोलवेना. बोलणे अशक्य झाले की माणूस कर्तेपणाच्या आसनावरून उतरतो आणि ‘ला’ लावून बाजूला उभा राहतो. जणू न बोलणे त्याने केलेले नसून त्याला झालेले आहे, जसा ताप होतो, तहान लागते. चिनी भाषेत विभक्ती नाही. तेथे ‘मी’ हा ‘मी’च राहतो, न बोलण्याची मर्जी असो वा नसो. सगळा भार ‘पू’ कोठे बसतो त्यावर. आम्हांला मराठीची पद्धत अधिक दयाळू वाटते, पण हा मातृभाषेचा पक्षपातही असेल.

अनिच्छेच्या प्रांतात चिनी भाषा अधिक धनवान आहे, हे मान्य करावे लागते. बोलायचे मन नाही ते ‘पू-श्यांग’. किती विनवले तरी बधत नाही ते ‘पू-खन’. धाडस होत नाही ते ‘पू-कान’. ‘पू-हाव-श्वो’ या शब्दांचा सरळ अर्थ ‘सांगणे चांगले नाही’ किंवा ‘सांगणे सोपे नाही’. व्यवहारात त्याचा अर्थ पुष्कळदा असा, की मला मत आहे, पण ते तुम्हांला कळू देणार नाही. सरकारी प्रवक्त्यांच्या तोंडचे ‘वू-ख-फंग-काव’ तर पहिल्याने ऐकले तेव्हा एखादे संस्कृत सुभाषित वाटले : सादर निवेदन करण्याजोगे काहीही नाही. यातला ‘फंग’ म्हणजे दोन्ही हातांनी आदराने पुढे करणे. इतक्या अदबीने रिकामे ताट पुढे करण्याची कला आमच्या परिचयातील कोणत्याही कार्यालयाला अद्याप साधलेली नाही. तेथे ‘साहेब जागेवर नाहीत’ यावरच भागते.

मौनाची थोरवी त्या संस्कृतीत जुनी आहे. कन्फ्यूशियसने सज्जनाच्या गुणांत बोलण्यातील मंदपणा गणला. त्यासाठी वापरलेल्या लिपिचिन्हाची एक बाजू ‘वाणी’ची आणि दुसरी ‘आत’ या अर्थाची. जाणकार सांगतात की ही दुसरी बाजू केवळ उच्चार दाखवण्यासाठी आहे, पण आमच्यासारख्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना वाणी आत राहिलेली दिसली तर आमचा नाइलाज आहे. लाओत्सेने तर जाणत्याने बोलू नये असेच सुचवले आणि त्यासाठी सुमारे पाच हजार अक्षरे खर्ची घातली. आठव्या-नवव्या शतकांतला कवी पाय च्वी-यी याने या विसंगतीवर कवितेतून त्याला मिस्कील चिमटा काढला आहे. अलीकडचे उदाहरण २०१२ सालच्या नोबेल पुरस्काराचे. क्वान मो-ये या लेखकाने आपल्या नावातले एक लिपिचिन्ह उभे चिरून त्याच्या दोन तुकड्यांचे टोपणनाव केले : मो यान, म्हणजे ‘बोलू नकोस’. लहानपणी बडबड्या असलेल्या या मुलाला घरचे हेच बजावत असत. १९५५चा जन्म, खेड्यातले घर, आणि बाहेर बोललेला एखादा शब्द घरावर संकट आणील असा तो काळ. पुढे त्याने लठ्ठ कादंबऱ्या लिहिल्या आणि प्रत्येकीवर ‘बोलू नकोस’ अशी सही केली.

एक म्हण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. चिनी लोक म्हणतात, मुक्याने ह्वांगल्येन खाल्ले, कडूपणा सांगता येईना. ह्वांगल्येन ही अतिशय कडू मुळी. अरुणाचलातील मिश्मी टेकड्यांत मिळणारी मिश्मी तिता ही त्याच कुळातली. आपल्याकडचे काडेचिराईत डोळ्यांसमोर आणावे. आपल्या संतपरंपरेतही मुका आहे, पण त्याने गूळ खाल्ला आहे, आणि त्याला गोडी सांगता येत नाही. आपल्या मुक्याच्या पोटात ब्रह्मानंद, त्यांच्या मुक्याच्या पोटात अन्याय. आपल्याकडे या दुसऱ्या मुक्यासाठी म्हण नाही असे नव्हे. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ आहेच. पण तेथे तोंड दाबणारा कोणीतरी आहे. चिनी म्हणीत तो दिसत नाही.

आता लू शुनच्या कथेकडे वळतो, कारण ‘बोलवेना’चा खरा पेच तेथे आहे. ‘चू-फू’ ही १९२४ सालची कथा, पुढे १९२६च्या संग्रहात आलेली. चू-फू म्हणजे वर्षाअखेरीस देवाकडे सुखसमृद्धी मागण्याचा विधी. कथेतला निवेदक शिकलेला, शहरात राहणारा. वर्षाअखेरीस आपल्या गावी, लू-चनला, आला आहे. वाटेत त्याला श्यांगलिन-साओ भेटते. ‘साओ’ म्हणजे वहिनी. श्यांगलिन हे तिच्या पहिल्या नवऱ्याचे नाव. तिचे स्वतःचे नाव कथेत कोठेच नाही. पहिला नवरा वारला, सासरच्यांनी तिला बळजबरीने दुसऱ्याला दिली, तोही तापाने गेला, लहानग्या मुलाला लांडग्याने नेले. मुलाची कहाणी ती गावाला पुन्हा पुन्हा सांगते. आधी लोक डोळे पुसतात, मग कंटाळतात, मग तिने तोंड उघडताच तिचीच वाक्ये तिला ऐकवून हसतात. शेवटी ती बोलायचीच थांबते. तिला कोणीतरी सांगितलेले असते की मेल्यावर दोन्ही नवरे तिच्यासाठी भांडतील आणि यमराज तिला करवतीने उभी चिरून दोघांत वाटील. उपाय म्हणून ती कमाईचे पैसे साठवून देवळाला उंबरठा अर्पण करते, तरीही नैवेद्याच्या भांड्यांना तिचा हात चालत नाही.

ही बाई त्या शिकलेल्या माणसाला विचारते, मेल्यानंतर आत्मा उरतो का? प्रश्न दुधारी आहे. ‘उरतो’ म्हटले तर मुलगा भेटेल, पण करवतही आहे. ‘उरत नाही’ म्हटले तर करवत टळली, पण मुलगाही गेला. निवेदक चाचरतो, ‘असेल बहुधा’ म्हणतो, मग गोंधळतो आणि अखेरीस हाती लागेल तो दोर पकडतो : ‘श्वो-पू-छिंग’. नक्की सांगता येत नाही. त्यानंतर स्वतःशीच विचार करतो की हा शब्दप्रयोग फार उपयोगी आहे. तो जोडला की पुढे काहीही घडो, आपल्यावर जबाबदारी येत नाही. लवकरच त्याला कळते की ती मेली.

वर्गात ही कथा वाचत असताना आम्ही ‘पू’ची जागा पाहत होतो. तो मध्ये आहे. व्याकरणाप्रमाणे ही असमर्थता, म्हणजे बोलणे निघाले आणि अडले. पण लू शुन दाखवतो ते वेगळेच : या माणसाला बोलवत नाही असे नाही, त्याला अंगावर घ्यायचे नाही. दाराबाहेर उभ्या असलेल्या ‘पू’ला त्याने घरात घेतले आणि दार लावले. ‘काही सांगता येत नाही बुवा’ असे आपणही म्हणतोच. कधी ते खरेच सांगता येत नसते. डॉक्टर रोग्याच्या नातेवाइकांना ‘आत्ताच काही सांगता येणार नाही’ म्हणतात तेव्हा ती अत्यंत प्रामाणिक गोष्ट असू शकते. आम्हांला २०२३च्या पावसाळ्यात ती तशीच ऐकायला मिळाली.

त्या वर्षी अण्णांना पक्षाघात झाला. अण्णा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. निवृत्त शाळामास्तर, गावात कोणाचेही लग्न, बारसे, सत्कार असो, चार शब्द बोलायला उभे राहणारे. हातपाय पुष्कळसे सुधारले, वाणी सुधारली नाही. मराठीत याला वाचाघात म्हणतात, चिनीत ‘भाषा हरवण्याचा आजार’. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका या शल्यवैद्याने ज्या रोग्याचा मेंदू तपासला त्याला ‘तान’ या एका अक्षरापलीकडे जवळजवळ काही बोलता येत नसे, समजत मात्र पुष्कळ असे. अण्णांनाही समजते. वर्तमानपत्रातल्या बातमीवर कपाळाला आठी पडते. पाणी हवे असले तर भांड्याकडे पाहतात, ओठ हलवतात, ‘प’ही येत नाही. आणि संध्याकाळी दिवा लावला की रामरक्षा म्हणतात. सगळी नसली तरी ओळीमागून ओळ, स्वच्छ, पूर्वीच्याच खणखणीत आवाजात.

वाचाघातात असे होते. पाठ झालेले स्तोत्र, आकडे, गाणे, कधी शिवीसुद्धा टिकून राहते; नवे वाक्य जुळवणे तेवढे जाते. हे आम्हांला वाणी-उपचार करणाऱ्या बाईंनी समजावून सांगितले. पण घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते समजावून सांगणे कठीण. ‘रामरक्षा म्हणतात की! मग आमच्याशीच का नाही?’

हा प्रश्न सर्वांत जास्त छळतो तो काकांना. अण्णांचे धाकटे भाऊ. शेताच्या वाटणीवरून दोघांमध्ये अकरा वर्षे अबोला होता. अबोला कोणी धरला याविषयी घरात दोन मते आहेत. आजाराचे कळताच काका आले. पलंगाशेजारी बसले, अण्णांचा हात हातात घेतला, म्हणाले, ‘अण्णा, मी आलोय. बोल ना रे काहीतरी.’ अण्णांनी त्यांच्याकडे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. ओठ हलले नाहीत. पाण्यासाठी जे हलतात तेही नाही. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली. काका बाहेर येऊन ओसरीवर बसले आणि म्हणाले, ‘बोलला नाही. अजून मनात आहे त्याच्या.’ आम्ही त्यांना वाचाघात समजावला, ब्रोकाचे भाग सांगितले, रामरक्षेचेही सांगितले. ते ऐकत होते, पण ओठ न हललेले त्यांनी पाहिले होते, आणि आम्हीही.

आजवर आम्ही विद्यार्थ्यांना ‘बोलेना’ आणि ‘बोलवेना’ यांतला फरक फळ्यावर दोन रकाने आखून सांगत आलो. अण्णांच्या त्या मौनाला कोणत्या रकान्यात घालावे? शब्द येत नाहीत हे तर खरेच. पण जे शब्द मुळात येणारच नाहीत, ते न देण्याचीही मर्जी माणसाला असू शकते. ज्याला बोलवत नाही तो बोलेनासाही होऊ शकतो, एकाच वेळी, एकाच भावासमोर. आणि हे विचारावे तर कोणाला? अण्णा मान हलवून ‘हो’ आणि ‘नाही’ सांगतात, पण या प्रश्नाला त्यांनी दोनदा डोळे मिटून घेतले. आम्ही तिसऱ्यांदा विचारले नाही.

गेल्या हिवाळ्यात गृहपाठ आला : घरातील एखाद्या व्यक्तीविषयी दहा वाक्ये. आम्ही दोघांनी मिळून अण्णांवर लिहायला घेतले. नऊ वाक्ये सहज झाली. वय, गाव, शाळा, बागेतला कढीपत्ता. दहावे वाक्य होते, ‘धाकटा भाऊ भेटायला आला, पण अण्णा त्याच्याशी बोलले नाहीत.’ मराठीत हे वाक्य कसे निवांत आहे. ‘बोलले नाहीत’ म्हटले की कारण सांगावे लागत नाही. चिनीत आधी ‘पू-श्वो’ लिहिले. विनंतीनंतर आलेले ‘पू-श्वो’ म्हणजे सरळ नकार. काकांचे मत ते हेच. ते खोडून ‘श्वो-पू-छू-लाय’ लिहिले. हे आमचे ओसरीवरचे व्याख्यान झाले. बराच वेळ वही तशीच पडून होती. मग तिसरा शब्द आठवला. झालेल्या गोष्टीचा नकार सांगताना चिनी भाषा ‘पू’ वापरत नाही, ‘मेइ’ वापरते. ‘मेइ-श्वो’ : बोलणे घडले नाही. मर्जीही नाही, असमर्थताही नाही, नुसती नोंद. आम्ही तेच लिहिले.

शिक्षिकांनी वही तपासली तेव्हा त्या वाक्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, ‘बरोबर आहे. पण वाचणारा विचारेल, का बोलले नाहीत ते. ‘पू’ कुठेतरी घातलात तर वाक्य पुरं होईल.’ आम्ही म्हटले, ‘असू द्या, बाई.’ त्यांनी त्याखाली बरोबरची खूण केली आणि पुढच्या धड्याचे पान उघडायला सांगितले.

काका हल्ली दर पंधरवड्याला येतात. दिवेलागणीच्या सुमारासच येतात, आणि पलंगाशी न बसता बाहेर ओसरीवर, रामरक्षा ऐकू येईल अशा बेताने बसतात.